पाइपाचं दुसरं टोक

त्याला घरात माहीतराव म्हणायचे. नाव ठेवलं बायकोनं, लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, आणि त्याची आई ते ऐकून इतकी हसली की नाव कायमचं चिकटलं. समोरच्यानं तोंड उघडायचा अवकाश, हा म्हणणार, "माहीत आहे." पत्ता सांगा, माहीत आहे. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर ते सांगा, माहीत आहे. आणि खरी पंचाईत ही, की बऱ्याच वेळा त्याला खरोखरच माहीत असायचं. पडदे बसवायचा त्याचा धंदा. लोकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, भिंतीला भोकं पाडायची, दांड्या लावायच्या. हात चांगला होता. घरातला नळ, इस्त्री, कुलूप, काही बिघडलं तरी बाहेरचा माणूस कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. एक तो गॅसवाला फिटर सोडला तर. पण त्याचं पुढे येईल.

शनिवारी दुपारी माहीतराव धुण्याच्या खोलीत ड्रायरसमोर मांडी घालून बसला होता. ड्रायर गुरुवारी सकाळी बंद पडला होता. पिंप फिरायचं, पण आत ऊब नाही. कपडे तासभर गरगर फिरून ओलेच बाहेर यायचे. बायकोनं हिवाळा लागल्यापासून कोपऱ्यावरच्या अतिथीगृहाच्या चादरी धुवायला घेतल्या होत्या, त्यामुळे ड्रायर रोज सकाळपासून अंधार पडेपर्यंत चाले. आता ओल्या चादरींचा ढीग टोपल्यात बसून होता. पण घाई चादरींची नव्हती. पिंपात आईचे कपडे होते. तिचे लोकरी झगे, पायमोजे, शाल. ते उद्यापर्यंत वाळायला हवे होते, कारण उद्या ते पेटीत भरायचे होते.

उद्या ताई येणार होती, त्याची मोठी बहीण, आईला न्यायला. स्वतःच्या घरी नव्हे, संस्थेत. विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठीची संस्था. स्वच्छ, हवेशीर, आणि प्रत्येक दाराला बाहेरून कडी. ताई स्वतः बघून आली होती. ती वाईट नव्हती हो, ताई. तिनं फोनवर इतकंच विचारलं होतं, "तुम्ही दोघं दिवसभर कामात. ती पडली, कुठे निघून गेली, तर काय करशील?" यावर त्याला उत्तर माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माहीत नव्हतं, आणि म्हणून तो हो म्हणाला.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं."

आई अशी नव्हती. गेल्या उन्हाळ्यापर्यंत ती शब्दकोडी सोडवायची आणि सुनेला बाजारात घासाघीस कशी करायची ते शिकवायची. थंडी सुरू झाली आणि तिचं काहीतरी सुटत गेलं. दुपारी डोकं धरून बसायची. उलट्या व्हायच्या. चालताना भिंत धरायची. मग एके दिवशी तिनं मुलाला हाक मारली, "अहो."

अहो ती त्याच्या बाबांना म्हणायची. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. माहीतराव दारात तसाच उभा राहिला, आणि आईनं त्याला विचारलं, "अहो, मुलं आली का शाळेतून?"

डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारली, आज वार कोणता ते विचारलं आणि म्हणाले, वय झालं. त्यांच्या तपासणीच्या खोलीत आई वार बरोबर सांगायची. घरी आली की पुन्हा तेच. बायको म्हणाली, "परक्यापुढे शहाण्यासारखं वागतात आणि घरात आपली परीक्षा."

दोन गोष्टींनी मात्र सगळे टेकीला आले होते. एक म्हणजे खिडकी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि आई उठून खिडकी सताड उघडायची आणि अर्धं अंग बाहेर टाकून उभी राहायची. ओढून आत आणली तर रडायची. शेवटी माहीतरावानं पडद्याच्या दांडीचे लांब स्क्रू घेतले आणि खिडकीची चौकट चारी बाजूंनी पक्की करून टाकली. दुसरी गोष्ट म्हणजे तिचं ते बोलणं. भिंतीतल्या भोकाकडे बोट दाखवून ती म्हणायची, "ते फुंकतं ना, तेव्हा माझं डोकं जातं. बंद कर रे ते."

"आई, ती ऊब आहे," तो सांगायचा. "तुझ्या पायांसाठी आहे."

आता या भोकाची हकीकत सांगायला हवी, कारण सगळी गोम तिथेच आहे. धुण्याची खोली आणि आईची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. ड्रायरच्या पाठीमागून चार-पाच बोटं रुंद, पत्र्याचा, लवचीक पाइप निघतो. तो दमट गरम हवा बाहेरच्या भिंतीतून गल्लीत सोडतो. बाबांच्या जिवाला ही उधळपट्टी सोसवेना. आईचे पाय बारा महिने बर्फ असायचे. तेव्हा बाबांनी मधल्या भिंतीला एक भोक पाडलं, आणि थंडी पडली की पाइप गल्लीतून काढून त्या भोकात बसवायची युक्ती काढली. कपड्यांचे बारीक तंतू खोलीत उडू नयेत म्हणून पाइपाच्या तोंडाला बायकी पायमोजा चढवला. आईच्या पलंगाच्या पायथ्याशी ऊन हवेचा झोत यायला लागला. आई खूश झाली. बाबा गेले तरी ही रीत चालू राहिली. पहिल्या थंडीला पाइप आत, उन्हाळा लागला की पाइप बाहेर. भिंती थोड्या दमट व्हायच्या, बाकी कधी कोणाचं काही बिघडलं नाही.

तेव्हाचा ड्रायर विजेवर चालायचा. आत एक तार तापून लाल व्हायची, बस. तो गेल्या उन्हाळ्यात कायमचा निकामी झाला. त्याच सुमाराला शेजारचं कुटुंब गाव सोडून चाललं होतं, त्यांनी आपला ड्रायर देऊन टाकला. हा गॅसवर चालणारा. गॅसची जोडणी घरच्या माणसानं करायची नसते, म्हणून फिटर आला. त्यानं नळी जोडली, साबणाचं पाणी लावून गळती बघितली, पाइप गल्लीत काढला आणि हात पुसत म्हणाला, "पाइप कायम बाहेरच ठेवायचा हं, कारण यात..."

"माहीत आहे," माहीतराव म्हणाला. त्याला वाटलं, दमटपणाचं सांगतोय. ओलीचं त्याला फिटरपेक्षा जास्त माहीत होतं, त्यानं आयुष्यभर भिंती बघितल्या होत्या. फिटरनं खांदे उडवले आणि पुढच्या घरी गेला. त्या माणसाचं ते "कारण" तिथेच फरशीवर पडून राहिलं.

पहिली थंडी पडली तेव्हा माहीतरावानं पाइप आत घेतला, बाबांसारखाच. नवा पायमोजासुद्धा चढवला.

तर शनिवार. त्यानं शिस्तीनं सुरुवात केली. आधी वीज काढली, गॅसचा खटका बंद केला. तंतू अडवायची जाळी काढून बघितली, स्वच्छ. पिंपाचा पट्टा बघितला; धड. मग मागचा पत्रा काढला आणि मीटरची टोकं एकेका जागी लावत गेला. नखाएवढी एक फ्यूज असते, आतली उष्णता प्रमाणाबाहेर गेली की ती आपला जीव देते आणि यंत्राचा वाचवते. ती जळालेली होती.

"ही बघ," तो बायकोला म्हणाला. "ही उगाच जळत नाही. हवा कुठेतरी तुंबली असणार."

"मग तुंबलेलं आधी बघा ना."

"माहीत आहे गं."

बायकोनं टोपलं कमरेवर घेतलं आणि हसली. गेल्या कित्येक दिवसांत ती हसली नव्हती. "आई आज मला काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणजे तुम्हाला असेलच. म्हणाल्या, 'सूनबाई, तू भाजीत मीठ घालतेस की कोणाशी भांडत भांडत घालतेस?'"

तोही हसला. परवापासून आई अशीच होती. गुरुवारी संध्याकाळी तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली. शुक्रवारी त्याला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, त्याच्या पडद्यांच्या दुकानातला तो तोतरा गडी अजून आहे का. घरचा बोकासुद्धा तिच्या खोलीत परत गेला होता. हिवाळाभर त्यानं त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

"जायचं ठरलं तशा कशा ताळ्यावर आल्या बघा," बायको हळू आवाजात म्हणाली. "मला वाईट वाटतं हो, पण त्यांना जायचं नाहीये म्हणून चाललंय सगळं. ताईंपुढे शहाण्यासारखं राहायचं, जाणं टळलं की मग आहेच."

त्याला ते खरं वाटलं आणि आईची फार दया आली. काखेत कळसा म्हणतात तो असा. माणूस दोन दिवस बरं दिसलं तर त्या दोन दिवसांत घरात काय चालू नव्हतं, हे विचारायचं सोडून दोघं तिच्या मनातला कावा शोधत बसले.

फ्यूज त्याच्या डब्यात होती, त्यानं बसवली. मग तो आईच्या खोलीत गेला. आई पलंगावर बसून उरलेल्या लोकरीचा गुंडा करत होती, बोका तिच्या पायाशी. भोकातल्या पाइपाचा पायमोजा तंतूंनी गच्च भरला होता, करड्या रंगाचा, हाताला दगडासारखा लागणारा. दिवसाला पाच-सहा वेळा चादरी वाळवल्यावर दुसरं काय होणार. तरीच हवा तुंबली. त्यानं तो सोलून काढला.

"दुरुस्त झालं का?" आईनं विचारलं.

"होत आलं."

आईचे हात थांबले. तिनं गुंडा बाजूला ठेवला आणि अगदी सरळ, शांत आवाजात म्हणाली, "अरे, दोन दिवस मला स्वच्छ दिसतंय. ते चालू केलंस की मी परत जाईन. तुला कळतंय का मी काय म्हणतेय ते?"

"कळतंय आई."

"नाही. तू मला समजावतोयस, ऐकत नाहीयेस. निदान ती खिडकी तरी सोडव."

उद्या ती जाणार होती, आणि तिच्या डोक्यात अजून त्या बिचाऱ्या पाइपाचं भूत होतं. त्यानं तिच्या पायांवर रग टाकला. पाय थंडगार होते. "तुझे कपडे वाळवतो ना आई, उद्यासाठी. तोवर जरा ऊब घे. पड थोडी."

"बरं," आई म्हणाली.

त्यानं दार ओढून घेतलं, आणि ऊब वाया जाऊ नये म्हणून दाराखालच्या फटीत एक जुना टॉवेल सारला. मायेनं सारला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याला स्वतःला ते कधीच विसरता आलं नाही.

ड्रायर पहिल्या झटक्यात चालू झाला. घुर्र करून पिंप फिरलं, खाली टकटक झाली आणि गॅस पेटला. पायमोज्याचा अडथळा निघाल्यामुळे हवा आता मोकळी वाहत होती. यंत्राचा आवाजच बदलला, भरदार झाला. माहीतराव हात झटकत उठला. बायकोनं चहा ठेवला. दोघांनी चहा घेतला, ओल्या चादरी टोकं धरून झटकल्या, ताईला जेवायला काय करायचं ते ठरवलं. बोका भिंतीपलीकडून ओरडायला लागला.

"तो आत अडकलाय वाटतं," बायको म्हणाली.

"राहू दे. आईला सोबत आहे. शेवटचा दिवस."

थोड्या वेळानं बोका ओरडायचा थांबला.

आईचे कपडे वाळले. बायकोनं ते काढून घड्या घातल्या, आणि चालू आहे तर म्हणून चादरी भरल्या. माहीतरावाला मात्र चैन पडेना. दुरुस्त केलेलं यंत्र तो नेहमी दोनदा बघायचा. तो फरशीवर पालथा पडला आणि खालच्या बाजूच्या बोटभर भोकातून आत डोकावला. जाळ दिसत होता, पिवळा, मोठा, टोकाशी काजळी धरणारा. जळतंय तर छान, असं त्याला वाटलं.

"बघू," म्हणून बायकोही वाकली. तिनं हा जाळ पूर्वी कधी बघितला नव्हता. ती बघत राहिली. "अगंबाई. ही तर चूलच आहे की. मला वाटायचं जुन्यासारखी तार असेल." मग पोळी लाटता लाटता विचारावं तसं तिनं विचारलं, "अहो, या जाळाचा धूर कुठे जातो?"

"माहीत आहे," माहीतराव म्हणाला. "तो पाइपातून जातो..."

वाक्य तिथेच संपलं. त्याच्या डोळ्यांसमोर पाइपाचं एक टोक होतं, ड्रायरच्या पाठीला त्याच्याच हातानं घट्ट आवळलेलं, आणि नजर त्या पाइपावरून सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली. आणि फिटरचं ते उन्हाळ्यातलं "कारण यात" कुठूनतरी परत आलं, आणि या वेळी त्याला मधे तोडायला कोणी नव्हतं.

तो धावला तेव्हा बायकोला काही समजलं नाही. दार टॉवेलावर अडकलं. त्यानं खांद्यानं ढकललं. आत उबदार होतं, छान उबदार, आणि कसलाही वास नव्हता. धूर म्हणावा असं काही दिसतही नव्हतं. आई पलंगावरून अर्धी खाली, खिडकीच्या दिशेनं. तिचा हात चौकटीवर होता. बोटांची नखं त्या लांब स्क्रूंपाशी तुटली होती.

"बंद कर," तो बायकोवर ओरडला. "यंत्र बंद कर, गॅस बंद कर." आणि स्टूल उचलून त्यानं काचेवर हाणलं. थंडी घरात घुसली. त्यानं आईला काखेत धरून ओढत दाराबाहेर, मग घराबाहेर, पायऱ्यांवर नेलं. तिचे गाल गुलाबी होते. गेले कित्येक दिवस तो बायकोला सांगत होता, ऊब मानवली बघ आईला, कसा रंग आलाय.

बोका पलंगाखाली सापडला. तो उठला नाही.

आई वाचली. रुग्णालयात तिला मास्क लावून प्राणवायू दिला. तिथली डॉक्टर तरुण होती, तिनं सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं: जाळ नीट जळला नाही की एक वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास, तो रक्तात बसतो, डोकं दुखतं, उलटी होते, माणूस भ्रमतो, आणि मग झोपतो. माहीतराव शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिला. मधे एकदाही बोलला नाही. बायकोनं त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून रडली.

ताई रविवारी आली ती रुग्णालयातच. तिनं भावाला बोल लावला नाही, हेच त्याला झेपलं नाही. संस्थेला तिनं फोन करून नको म्हणून कळवलं. आईनं मास्क बाजूला करून त्याला जवळ बोलावलं. तो वाट बघत होता की ती रागावेल. ती म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, मी खरंच वेडी झालेय. तुम्ही सगळे इतकं खात्रीनं म्हणत होतात."

त्यानं तिचे पाय धरले. ते थंड होते.

"सगळं परत येईल ना?" त्यानं डॉक्टरला बाहेर गाठून विचारलं.

"पुष्कळसं यावं," ती म्हणाली. "पण हिवाळाभर थोडं थोडं चाललं होतं, आणि त्यांचं वयही आहे. कशानं किती गेलं, हे आता वेगळं काढता येणार नाही."

आई घरी आली. माहीतरावानं ड्रायर भंगारात दिला, गॅसची नळी फिटरकडून बंद करून घेतली, मधल्या भिंतीतलं भोक विटा आणि सिमेंट घालून बुजवलं आणि वर रंग दिला. खिडकीला नवी काच बसवली. स्क्रू काढले, चौकटीत त्यांची भोकं राहिली, ती त्यानं बुजवली नाहीत. चादरी आता घरभर दोऱ्यांवर वाळत, दोन दोन दिवस, आणि त्यांच्याखालून वाकून चालताना कोणी तक्रार करत नसे. आई कोडी सोडवायला लागली होती. सुनेच्या मिठाला नावं ठेवायला लागली होती. घरात माहीतराव म्हणून कोणी हाक मारत नव्हतं, ते नाव आपोआप बंद झालं.

थंडी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ होती. तो आईच्या खोलीत गरम पाण्याची पिशवी घेऊन गेला. खिडकी उघडी होती, पडदा हलत होता. आई उशीला टेकून बसली होती आणि भिंतीकडे बघत होती, जिथे भोक होतं तिथे.

"अहो," ती म्हणाली. "ते बंद करा ना."

पिशवी त्याच्या हातात तशीच राहिली. त्यानं खिडकीकडे बघितलं. उघडी होती, पूर्ण उघडी. गार हवा त्याच्या मानेला लागत होती.

"आई, ते नाहीये आता," तो म्हणाला. "मी काढून टाकलंय. भोकसुद्धा बुजवलंय, बघ."

"माहीत आहे," आई म्हणाली. "पण बंद करा."

तो भिंतीपाशी गेला आणि रंगावर तळहात ठेवून उभा राहिला, तिला वाटावं की बंद करतोय म्हणून.